एका घोडीवर उभी गाडी

लग्न करून बजाजनगरात आले तेव्हा कळलं, आपल्याला अंगणात एक सवत आहे. जुनी फियाट, कधीकाळी पांढरी. कंपनीतल्या एका साहेबानं टाकायला काढली आणि आमच्या ह्यांनी पदरात पाडून घेतली. रविवार आला की हे सकाळी चहा घेऊन जे गाडीखाली शिरायचे, ते जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसेपर्यंत बाहेर यायचे नाहीत. मी म्हणायचे, "अहो, गाडी वरून चालवतात. तुम्ही कायम खालूनच काय बघता?" खालून आवाज यायचा, "पाना दे."

पण माणूस निष्काळजी नव्हता, हे आधी सांगते. वाळूजला लेथवर काम करायचे. कंपनीत नव्या पोरांना मशीनवर हात कुठं घालायचा आणि कुठं नाही, हे हेच शिकवायचे. ह्यांचा उजवा हात म्हणजे आमच्या घराची भाकर. गाडीच्या बाबतीतही ह्यांचे नियम ठरलेले. जमीन सपाट पाहिजे. जी चाकं खाली राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी दगड. जॅकनं गाडी उचलायची आणि लगेच तिच्या पोटाखाली घोडी द्यायची. घोडी म्हणजे लोखंडी तिपाई, जाड नळ्यांची, गाडीचा भार तोलणारी. मग गाडीला दोन-तीन दणके देऊन बघायचं, आणि नाहीच हलली तर खाली जायचं. शहागंजात जुने पार्ट विकणाऱ्या चाचांनी ह्यांच्या डोक्यात बसवलं होतं, "जॅक उठाने को है मियाँ, भरोसे को नै. भरोसे को घोडी होना." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं.

गंमत अशी की घोड्या काही आमच्याकडं नव्हत्या. दर वेळी कुणाच्या तरी मागून आणायच्या. शेवटी शेजारच्या वेल्डरनं भंगारातल्या नळ्या जोडून दोन घोड्या करून देतो म्हणून सांगितलं. एक करून आणून दिली. दुसरी उद्या, परवा, पगार झाल्यावर, असं चालू होतं.

आता माझ्या सासूबाईंबद्दल. मी त्यांना आत्या म्हणायचे. कन्नडकडच्या एका खेड्यात त्यांचं घर होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून पहिल्यांदा जाळपोळ झाली तेव्हा ते घर पेटवलं. आत्या लेकराला पोटाशी धरून ओरडत राहिल्या. गाव आपापल्या दारांच्या आत होतं. एक दार उघडलं नाही. त्यानंतर त्या शहरात आल्या, बांधकामावर पाट्या वाहिल्या, मोर्चात चालल्या, जेलात जाऊन आल्या. बजाजनगरात आमची गल्ली वसली तेव्हा आत्यांनी बायकांना गोळा करून एक गोष्ट ठरवून टाकली. "बोंबलून काय व्हत नाय, बाई. माणसाचा आवाज लोकाला ऐकू येत नाय. काय वंगाळ झालं तं थाळी वाजवायची. थाळी वाजली की हातातलं टाकून पळायचं." शहरात तणाव असला की बायका पितळी थाळी आणि पळी उशाशी घेऊन निजायच्या. आमच्या गल्लीत थाळी वाजवायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

संक्रांतीच्या दिवशी बातमी आली. विद्यापीठाला नाव मिळालं. इतकी वर्षं ज्यासाठी माणसं झुरली, मेली, ते झालं. दुपारी गल्लीतलं कुणी घरात राहिलं नाही. आत्या ओट्यावर बसून रडायच्या, हसायच्या, परत रडायच्या. गुडघे पार गेलेले, दोन पावलं टाकायची तरी भिंत धरायच्या. मग एकदम म्हणाल्या, "मला त्या गेटपाशी न्या रे. आजच्या आज. एकदा डोळ्यानं बघते, मग मेले तरी चालंल."

बस मिळणं शक्य नव्हतं, रिक्षावाले सगळे नाचण्यात. आणि फियाटच्या मागच्या उजव्या चाकाकडची ब्रेकची नळी गळत होती. एवढ्या गर्दीत बिनब्रेकची गाडी कशी घालणार? हे म्हणाले, "माय, चहा पिऊन व्हईपर्यंत नळी बसवतो. लुगडं बदलून बस."

वेल्डरच्या दाराला कुलूप. दुसरी घोडी अर्धवट, त्याच्या अंगणात पडलेली. मी म्हटलं, "अहो, उद्या जाऊ. एका घोडीवर नका." हे म्हणाले, "अगं, मायनं आजवर माझ्याकडं काय मागितलंय का?" माझंही मन तेच म्हणत होतं. मी स्वतः पुढच्या चाकांना दगड लावले, चांगले ठोकून लावले. मागून गाडी उचलली. जॅक एकच, म्हणून आधी डावं अंग उचलून तिथं घोडी दिली, मग उजव्या अंगाला नुसता जॅक, तेलाच्या दाबावर उचलणारा. उजवं चाक काढून बाजूला ठेवलं. ह्यांनी दणके दिले, गाडी हलली नाही. पोतं अंथरून खाली गेले. नळीपर्यंत पोचायला उजवा हात मागच्या चाकांच्या आसाच्या वरून आत घातला. लांब चौकात ढोल सुरू झाले होते.

मी जॅकजवळ उकिडवी बसले होते, पाने द्यायला. जॅकच्या बुडाशी जमिनीवर तेलाचा एक डाग दिसला. मघाशी तो नव्हता. मी म्हटलं, "अहो, हे तेल कशाचं?" हे म्हणाले, "नळीचं असंल." मी परत बघितलं. डाग मोठा झाला होता, आणि गाडीची उजवी कड खाली येत होती. इतकी हळू, की डोळ्याला खोटं वाटावं.

"बाहेर या! अहो, बाहेर या!"

"हात निघंना," हे म्हणाले. एवढंच. मग जो आवाज आला तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, आत्ताही नाही सांगत. गाडीचं बूड आणि आस यांच्या मधे हात कोपरापासून चेपला होता.

मी जॅकचा दांडा धरून मारायला लागले. मारलं की केसभर गाडी वर जायची, थांबलं की खाली यायची. हात निघेल इतकी वर काही जाईना. सोडून पळावं तर गाडी पूर्ण बसणार. थांबावं तर किती वेळ? मी अशी बाई, की भांडायला उभी राहिले तर दुकानदार माल परत घेतो. आणि तिथं मला दांडा वरखाली करण्यापलीकडं काही येत नव्हतं. घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. ढोलापुढं माझ्या हाकेची काय मातब्बरी!

"आत्या! थाळी! थाळी वाजवा!"

त्यांनी वाजवली. लुगडं बदलून बसलेली, केस चापून चोपून बांधलेली ती बाई, ओट्यावरून पितळी थाळीवर पळीनं अशी बडवायला लागली की माझ्या दातांत झिणझिण्या आल्या. मला वाटलं, आता आले. आता पळत येतील. ठरलंय ना आपलं!

पलीकडच्या गल्लीतून उत्तर आलं. थाळीचंच. मग त्याच्या पुढच्या गल्लीतून. मग चौकातून. कुणी ताट, कुणी परात, कुणी डबा. बघता बघता सगळं बजाजनगर थाळ्या वाजवायला लागलं. आनंदानं! मधूनच आरोळी उठायची, "जयभीम!" आत्या वाजवत होत्या आणि लोक त्यांना साथ देत होते. त्यांनी जोर केला की तिकडूनही जोर व्हायचा.

आत्यांना कळलं तेव्हा त्यांचा हात थांबला. थाळी मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "त्या येळी वैऱ्यानं ऐकलं नाय. आज आपलीच माणसं ऐकंनात, बाई."

"आत्या, चाक! ते काढलेलं चाक गाडीखाली सरकवा!" मी ओरडले. त्या ओट्यावरून उतरल्या नाहीत, घसरल्या. बुडावर सरकत सरकत, हातांनी जमीन मागं ढकलत आल्या. नवं लुगडं मातीत. ते जड चाक त्यांनी छातीनं रेटलं, पायानं रेटलं, तोंडानं "माझ्या लेकरा, माझ्या लेकरा" चालूच. चाक आडवं गाडीच्या कडेखाली गेलं. मी दांडा सोडला. गाडी चाकावर टेकली आणि थांबली. हे आत होते, शुद्धीवर होते. "पळ," म्हणाले.

मी पळाले. चौकात एवढी माणसं, की मुंगीला वाट नाही. मी एकेकीचा हात धरून सांगतेय, "गाडीखाली अडकलेत, चला," आणि माझा आवाज माझ्याच कानाला येत नाही. एका बाईनं माझ्या गालाला निळा गुलाल फासला. दुसरीनं मला फेरात ओढली. माझे डोळे वाहत होते, आणि त्या दिवशी सगळ्यांचेच वाहत होते. माझं रडणं वेगळं कोण ओळखणार? शेवटी वेल्डर दिसला. मी त्याची गचांडी धरली आणि कानाशी ओरडले, "तुझी घोडी! तुझी दुसरी घोडी!" त्याचा चेहरा पांढरा पडला. नाव सांगून जे झालं नसतं ते त्या शब्दानं झालं. तो पोरं घेऊन धावला.

त्यांनी गाडी हातांनी उचलली. ह्यांना बाहेर ओढलं, कुणाच्या तरी जीपमधे घातलं. मी चढत होते तेवढ्यात मागून आलेला एक म्हातारा, ज्याला काहीच माहीत नव्हतं, मातीत बसलेल्या आत्यांपाशी वाकला. त्यानं त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. म्हणाला, "माय, पहिली थाळी तुमचीच ना? तुमच्यामुळं अख्खं बजाजनगर वाजवायला लागलं!" आत्यांनी तो पेढा थुंकला नाही. तोंडात धरून बसल्या.

हात राहिला, पकड गेली. कंपनीनं ह्यांना लेथवरून उठवून गेटवर बसवलं. गाड्यांचे नंबर डाव्या हातानं लिहायला शिकले. फियाट भंगारात गेली, मी तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. आत्यांना महिन्याभरानं रिक्षातून विद्यापीठाच्या गेटपाशी नेलं. त्यांना वाचता येत नव्हतं. "नाव कुठं हाय?" म्हणाल्या. हे उजवा हात उचलायला गेले, मग डाव्यानं दाखवलं. आत्यांनी नावाकडं बघितलं आणि मग बराच वेळ लेकाच्या हाताकडंच बघत राहिल्या.

आमच्या गल्लीत तेव्हापासून रीतच पडली. दर संक्रांतीला संध्याकाळी सगळे ओट्यावर येतात आणि थाळ्या वाजवतात. पहिला मान आत्यांचा. खरं काय झालं ते जुन्यांना ठाऊक होतं, पण त्यांनीही तो विषय काढला नाही, आणि आत्यांनी कुणाला मना केलं नाही. म्हणायच्या, "लोकाच्या आनंदात कशाला माती कालवायची?" थाळ्या सुरू झाल्या की हे घरात जाऊन रेडिओ मोठा करतात.

आत्या गेल्यावर मान माझ्याकडं आला. ती पितळी थाळी अजून आहे, एका जागी पोचा पडलेला. नव्या सुना, लेकरं, सगळी माझ्या हाताकडं बघत उभी असतात. मी पहिला ठोका देते. दिला की मी जरा थांबते. गल्लीच्या तोंडाकडं बघते, कुणी हातातलं टाकून पळत येतंय का. तेवढ्यात सगळेच वाजवायला लागतात.