पाठवणी न झालेलं गाणं

माझ्या चुलत्यांचा आवाज ज्या अल्बमवर आहे, तो अल्बम मी पहिल्यांदा ऐकला त्यानंतर आपण होऊन कधी लावलेला नाही. लोक मात्र दुकानात येऊन सांगतात, "तुमचे काका काय गायलेत हो!" मी मान हलवतो. सांगणारा गिऱ्हाईक असेल, तर मांडवाचा दर चढवूनच सांगतो.

मानवतला माझं मांडव आणि साउंडचं दुकान आहे. दोन भोंगे आणि भाड्यानं आणलेल्या एका मशीनवर ते उभं केलं, कुणाच्या ओळखीनं नाही. आमचं घर गोंधळ्यांचं. वडील लवकर गेले, काकांनी वाढवलं. लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायला लोक काकांना बोलवायचे. कमरेला संबळ बांधून ते उभे राहिले की अंगण भरून जायचं. मला ते दुसऱ्याच्या दारात उभं राहणं नको होतं. मिसरूड फुटायच्या आत मी संबळ सोडला आणि वायरी जोडायला शिकलो. काका रागावले नाहीत. रागवायला हवं होतं, असं आता वाटतं.

तो बँड पुण्याचा. गिटार, ड्रम, व्हायोलिन आणि एक बॅन्जो. हा बॅन्जो आपल्या वरातीतला नव्हे, गोल ढोलकं आणि लांब दांडी असलेला, परदेशी. गाणाऱ्या पोराचं आजोळ सोनपेठकडचं, म्हणून मराठवाड्यावर त्याचा जीव. गावाकडची गाणी ते रॉकच्या चालीवर गायचे. त्यांना लोकांसमोर वाजवून लाइव्ह अल्बम करायचा होता आणि त्यातल्या प्रत्येक गाण्यात इकडचा एक पाहुणा कलाकार हवा होता. परभणीच्या उरुसात गाणारे एक पेटीवाले त्यांनी ठरवले, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एक म्हातारी ठरवली, आणि संबळासाठी ते माझ्या दुकानात आले.

काकांच्या गळ्यात तेव्हा गाठ निघालेली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल. मला वाटलं काका नाही म्हणतील. ते म्हणाले, "एकदा नीट गाऊन ठेवतो. मग काय कापायचं ते कापू दे."

म्हणून मी सौद्याला बसलो.

गाणारा म्हणाला, "दादा, काकांनी सुरुवातीला देवींना हाक मारायची. मग आमची गिटार उचलणार. पब्लिक वेडं होईल."

"आन् पाठवणी?"

"कसली पाठवणी?"

मी त्याला समजावलं. गोंधळात गोंधळी गावोगावच्या देवींना नाव घेऊन बोलावतो. माहूरची, तुळजापूरची, अंबाजोगाईची, वेशीवरची मरीआईसुद्धा. त्या आल्या असं धरूनच पुढचं सगळं चालतं. शेवटी आरती करून एकेकीला तिच्या ठिकाणी परत पोचवावं लागतं. ज्यानं बोलावलं त्यानंच पोचवायचं. पाठवणी झाल्याशिवाय गोंधळी कमरेचा संबळ सोडत नाही.

"पण दादा, ते मोठं होईल. गाण्याचा जोर उतरतो."

"बाबा, तुमच्या घरी पाव्हणे जेवायला बोलावतेत आन् हात धुवायच्या आधी लाइट बंद करतेत का?"

ड्रमवाला हसला. गाणारा हसला नाही. तो छोटं करा म्हणाला, मी पूर्ण म्हणालो. तो अर्धं म्हणाला, मी उठून शटरला हात घातला. शेवटी मीच बोललो, मांडव माझा, साउंड माझा, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात जागा मी मिळवून देतो, एक रुपया भाडं नको. बदल्यात पाठवणी अल्बमवर पूर्ण पाहिजे, मधे कापाकापी नाही. त्यानं माझ्या हातावर हात मारला. आमच्या बाजारात हातावर हात पडला की बैल दुसऱ्याचा झाला. मी कागद केला नाही. बैलाच्या बाजारात कागद कोण करतं?

कार्यक्रमाला जिनिंगचं आवार भरलं. कॉलेजची पोरं, मोंढ्यातले हमाल, बायाबापड्या. सूर्य कलताना काका उभे राहिले. त्यांनी देवींना बोलावलं तेव्हा दुखऱ्या गळ्यातून असा आवाज निघाला की मिक्सरवर बसलेलं माझं माणूस बटण फिरवायचं विसरलं. मग गिटार आली, व्हायोलिन आलं, लोक नाचले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाठवणीला मात्र आवाज फाटला. माहूरचं नाव घेताना मधेच तुटला. पुढच्या देवी काकांनी जवळजवळ कुजबुजत पोचवल्या. एकही गाळली नाही. मागच्या पोरांची चुळबुळ सुरू झाली, एकानं शिट्टी मारली. शेवटचं नाव झाल्यावर काकांनी संबळ सोडला. गाणारा पोरगा त्यांच्या पाया पडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी पाहिलं, म्हणून तर जास्त चीड येते.

ऑपरेशन झालं. काकांच्या गळ्याला भोक राहिलं, त्यातून श्वास यायचा. शब्द गेले.

अल्बम आला तेव्हा दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर घरातल्या सगळ्यांना बसवून लावला. काका खुर्चीवर, मांडीवर हात. देवींना हाक झाली, गिटार झाली, टाळ्या झाल्या आणि लगेच पुढच्या गाण्याचा ड्रम सुरू झाला. काकांनी बोट गोल फिरवलं, पुढं लाव. त्या गाण्यात पुढं काही नव्हतं. मी पुन्हा लावलं. पुन्हा टाळ्या, पुन्हा ड्रम. काका स्पीकरकडे बघत राहिले.

मी तिथूनच फोन लावला.

"दादा, आवाज फाटलाय हो तिथं," गाणारा म्हणाला. "लोक हसले असते. काकांच्या इज्जतीसाठीच काढलं."

"त्यायची इज्जत तू ठरवणार? तू?"

"चिडू नका ना. गाणं किती चालतंय बघा. सगळीकडं काकाच काका."

"ते मला सांगू नको. कापलेलं पाठव. मी जोडून घेतो."

तो म्हणाला, "ते ठेवलं नाही. फाइली लय मोठ्या असतात दादा, जागा पुरत नाही. मिक्स झाल्यावर पुसतो आम्ही."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आईवरून बोललो नाही, एवढंच. नंतर त्यानं माझा नंबर ब्लॉक करून टाकला. उभ्या आयुष्यात मी पुष्कळांना झुकवलंय. समोरच्याकडे द्यायला काही उरलेलंच नसेल, तर सौदा कुणाशी करायचा?

गाणं खरंच चाललं. मोबाइलवर, चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, ट्रॅक्टरवर. आणि ते कानावर पडलं की काका हातातलं काम टाकून संबळ बांधायचे. तिकडे देवींना बोलावणं संपलं की इकडे हे पाठवणीचा ठेका धरायचे. ओठ हलायचे, गळ्यातल्या भोकातून नुसती हवा यायची. दिवसातून कितीदा गाणं वाजेल त्याला हिशेब नाही. जेवणावरून उठायचे. तापात उठायचे.

चुडाव्याच्या एका लग्नात माझ्याच दुकानातल्या पोरानं वरातीला ते गाणं लावलं. काका माझ्यासोबत होते. ते मांडवाच्या कडेला उभे राहून वाजवू लागले. वऱ्हाडी मोबाइल काढून त्यांचं शूटिंग करायलेत आणि एक जण म्हणतोय, "म्हातारा लय भारी ॲक्टिंग करायलाय!" मी त्याच्या हातातला मोबाइल हिसकून चिखलात टाकला. भांडण झालं, माझी कॉलर फाटली. काकांचा ठेका थांबला नाही.

त्या दिवशी परत येताना मी म्हणालो, "काका, मी म्हणतो पाठवणी. मला शब्द येतेत सगळे. तुमी नुसतं ऐका."

त्यांनी गाडीतच माझ्या तोंडावर हात ठेवला. मग माझ्या मोकळ्या गळ्यावरून बोट फिरवलं. कवड्यांची माळ घातल्याशिवाय गोंधळी होता येत नाही, आणि ती मी कधी घातली नाही. आता घालतो म्हणालो. त्यांनी मान हलवली, नाही.

नंतर मी त्यांना मागच्या खोलीत हलवलं. तिथं रस्त्याचा आवाज पोचत नाही. दुसऱ्या सकाळी पाहतो तर बाज ओढत ओढत ओसरीवर आणलेली, आणि काका धापा टाकत बसलेले. मी ओरडलो, "मरायचंय का तुमाला?" त्यांनी टपरीच्या दिशेला कान केला आणि मला गप्प राहायची खूण केली.

आता संबळ कमरेला बांधून उभं राहायची ताकद त्यांच्यात नाही. बसून वाजवतात, आणि काठीच्या टोल्यानं संबळाची भांडी सरकतात. म्हणून गाणं लागलं की दुकान सोडून मी येतो आणि दोन्ही भांडी धरून त्यांच्यासमोर बसतो. माझे हात त्यांना चालतात. तोंड चालत नाही.