कावळ्यासाठी वाढलेलं पान

चेन्नईत माझं पहिलं भांडण झालं ते एका खुर्चीवरून. ऑफिस अण्णा नगरला होतं आणि दुपारी मी जवळच्या एका हॉटेलात जेवायला जायची. तिथं जागा मिळवायची रीत अशी, की जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. तो सांबार संपवून रसमवर आला, रसम संपवून ताकावर आला, हे त्याच्या डोक्यावरून बघत राहायचं आणि तो उठला की बसायचं. मी एकटी, त्यामुळे मला जागा पटकन मिळायची. चौघांच्या टेबलावर एका घरची तीन माणसं आणि चौथी मी. पण बसले की माझ्याही मागे कोणीतरी उभं असायचंच. एकदा मी भात कालवत होते तेवढ्यात एका गृहस्थांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मी खरकट्या हातानं तशीच वळले आणि त्यांना मराठीतून जे सुनावायचं ते सुनावलं. शब्द नाही तरी सूर त्यांना कळला असावा. दुसऱ्या दिवसापासून वाढपी मला आतल्या फॅमिली रूममध्ये बसवायला लागला. तिथं मागे कोणी उभं राहत नसे आणि पंखाही नव्हता.

पहिले कित्येक महिने वाढपी जे वाढेल ते मी मुकाट्यानं खाल्लं. मग हळूहळू कांदा नको, भात कमी, रसम आणखी एकदा, असं तमिळमध्ये ठणकावून सांगता यायला लागलं. स्वतःच्या पानात काय यावं हे स्वतः सांगणं ही मोठी गोष्ट आहे असं तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

पण पोटानं ऐकलं नाही. रोजच्या बाहेरच्या जेवणानं ते बिघडलं ते बिघडलंच. दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा आईनं भांडी गल्लीतून एक इवलासा कुकर आणला. एक ताट, एक वाटी, एक पातेली, सगळं तिनंच निवडलं. बाबा मी शाळेत असतानाच गेले होते आणि मी शिकायला बाहेर पडल्यापासून आई एकटीच राहत होती. एका माणसाचा स्वयंपाक तिच्या हाताला बसलेला होता. "एकटीच्या स्वयंपाकात सगळं जमतं, मीठ तेवढं फसतं," ती म्हणाली. मग रोज संध्याकाळी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मीठ बरोबर पडलं का?" मी खोटं बोलले तरी तिला कळायचं.

तोवर मी वेस्ट मांबलममध्ये एका घराच्या गच्चीवरची खोली भाड्यानं घेतली होती. खाली मालकीणबाई एकट्याच राहायच्या. मूळच्या तंजावरच्या मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच काढलेल्या. गल्ली त्यांना मामी म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेलाचं आणि फटकळ. पहिल्याच सकाळी दार उघडलं तर मामी गच्चीच्या कठड्यावर भाताची मूद ठेवून, वर तूप घालून, कावळ्याला हाका मारत होत्या. आमच्याकडे भात ठेवून कावळ्याला बोलावतात ते कोणी गेल्यावर. मी दार लोटून घेतलं, अंघोळ केली, साधा पांढरा ड्रेस घातला आणि खाली जाऊन हळू आवाजात विचारलं, "मामी, कोण गेलं?"

"कोण गेलें? कोणी नाहीं गेलें," मामी म्हणाल्या. "काकानं खाल्लें, आतां मी खाणार. तूं कशाला रडूं रडूं झालीस?"

काका म्हणजे तमिळमध्ये कावळा. तिकडे हे रोजचंच होतं. स्वयंपाक झाला की पहिला घास कावळ्याचा, मग घरच्यांचा. मामींचा कावळा इतका वेळेवर यायचा की मी त्याला बघून बस पकडायची. संध्याकाळी आईला हे सांगितलं तर ती खूप हसली. म्हणाली, "रोज जेवायला घालतात? मग त्यांच्या माणसांच्या इच्छा राहतच नसतील गं." मग म्हणाली, "मला बघायचाय तो कावळा. उन्हाळ्यात येते. तुझ्या हातचं उडदाचं घुटं खाते, मीठ कसंही पडू दे."

ती आली नाही. होळीच्या सुमारास झोपेतच गेली.

आमच्याकडे दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत. पुरुष सकाळीच कृष्णेकाठी गेले आणि आम्ही घरात चूल न पेटवता बसलो. ऊन चढलं, दुपार झाली, कोणी परतेना. कावळा शिवत नाही, असा निरोप आला. घरातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी माणसं आली ती मोकळी होऊन आली आणि काय घडलं ते मामानं सांगितलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बाबांच्या मागं आमचं जे काही होतं ते तोच. पिंडाजवळ प्रत्येकानं काही ना काही कबूल केलं होतं, घर विकणार नाही, देवाचं करू, आणि कावळे लांब झाडावर बसून होते. मग मामा हात जोडून म्हणाला, "ताई, पोरीचं लग्न वर्षाच्या आत करून देतो." त्याचं वाक्य संपतंय न संपतंय तोच कावळा शिवला.

"त्याच क्षणी," मामा म्हणाला आणि ढसाढसा रडला.

सगळ्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. माझ्या लग्नाचं माझ्या गैरहजेरीत ठरलं होतं आणि साक्षीला कावळा. रडणाऱ्या मामाला काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटली. मी इंजिनिअर असेन, पण आई माझी होती. तिचा जीव खरंच माझ्यात अडकला असेल तर?

परत येऊन मी कामाला लागले. आईचा फोन बंद झाला आणि मामाचा सुरू झाला. वर्षाच्या आत झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, हे तो प्रत्येक वेळी सांगायचा. दिवाळी झाली, संक्रांत झाली, तसा त्याचा आवाज कापरा व्हायला लागला. मीठ तर रोजच फसत होतं आणि विचारणारं कोणी नव्हतं. सकाळी मामींचा कावळा आला की मी खिडकी लावून घ्यायची. मला तो नजरेसमोर नको असायचा.

मग मामानं एक स्थळ काढलं. मुलगा कोल्हापूरचा, श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात. आम्ही दोघं अण्णा नगरच्या एका हॉटेलात भेटलो. वाढपी आला आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं दोघांसाठी सांगून टाकलं, काय आणायचं आणि कशाबरोबर. प्रेमानंच सांगितलं असेल. मुलगा वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर मामाला सांगता आलं असतं. माझ्यासमोर ते पान आलं आणि मी मुकाट्यानं खाल्लं, पहिल्या महिन्यांत खायची तशी. बसमध्ये बसल्यावर मला स्वतःचाच इतका राग आला की मी दोन स्टॉप पुढे गेले.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं तेव्हा एका रविवारी सकाळी मामा स्वतःच चेन्नईला आला. मुलाकडच्यांना दुपारपर्यंत शब्द हवा होता. बाराच्या सुमाराला ते मामाच्या मोबाइलवर फोन करणार होते.

मी घुटं केलं, सांगलीहून आणलेल्या पिठाच्या भाकरी केल्या. कुकर इवला, म्हणून भात दोनदा लावावा लागला. मामा दाराशी वेताच्या मोड्यावर बसून बघत होता.

"ही काय भांडी म्हणायची का भातुकली?" तो म्हणाला. "ताईनं हे बघितलं असतं तर तिच्या घशाखाली घास उतरला नसता."

"तिनंच घेऊन दिलीत," मी म्हणाले.

त्यानं वाटी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग हळूच म्हणाला, "मी तिला शब्द दिलाय बाळा. मी बोललो आणि तो शिवला. मी काय करू सांग. मला रात्री झोप येत नाही."

त्याची झोप खरंच उडालेली होती, चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्याची दया आली आणि त्या दयेचीच भीती वाटली. आणखी थोडा वेळ तो असाच बसला असता तर मी हो म्हणाले असते.

"मग आज मी बोलते," मी म्हणाले. "तू बोललास तेव्हा मी नव्हते तिथं. मी नाही म्हणते आणि बघू शिवतो का."

हे मी बोलून बसले. मामा उठून उभाच राहिला. नाही म्हणाला नाही. उलट त्यानंच धुतलेलं केळीचं पान पुढे केलं. त्याची तर खात्रीच होती.

मी पान वाढलं. भात, घुटं, भाकरीचा तुकडा. कठड्यावर ठेवलं, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, मी आत्ता लग्न करणार नाही. करीन तेव्हा माझ्या मनानं करीन."

आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो.

खालून मामींची हाक आली, "अगो, आतां कोण येतो? त्याचें जेवण कधींच झालें." ऊन डोक्यावर आलं होतं. मामा रात्रभराच्या प्रवासानं आणि भुकेनं पिवळा पडला होता, पण सावलीत यायला तयार नव्हता. नारळाच्या झाडावर कावळे होते, एकही हलेना. घाटावर असंच झालं असणार, माझ्या मनात आलं. मी उगाच हे आरंभलं, आता नाही शिवला तर आयुष्यभर मामाच्या आणि माझ्या मध्ये तो कावळा बसून राहणार.

तेवढ्यात एक उडाला आणि पाण्याच्या टाकीवर येऊन बसला. मान तिरकी करून पानाकडे बघितलं. मी पुन्हा म्हणाले, "आई, नाही करणार." तो जागचा हलला नाही. चोच टाकीवर घासली, पाठ फिरवली.

मग मला शेजारून पुटपुट ऐकू आली. मामानं डोळे मिटले होते, हात जोडले होते. "ताई, देतो करून. या महिन्यात देतो करून, ताई."

कावळा वळला. टाकीवरून कठड्यावर उतरला. दोन उड्या मारून पानाच्या अगदी जवळ आला.

त्या क्षणी माझ्या डोक्यात भीतीऐवजी दुसरंच काहीतरी चढलं. घुटं मी केलं होतं. आईला हे खायचं होतं, माझ्या हातचं, एवढंच ती मला स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती. बाकी सगळं इतरांनी तिच्या तोंडी घातलं होतं आणि आता माझ्या पानात काय पडावं हे एक कावळा ठरवणार होता. मी पुढे झाले आणि त्याच्या चोचीसमोरून पान उचललं. तो ओरडून बाजूला झाला. मी खाली फरशीवर मांडी घातली, पान पुढ्यात घेतलं आणि भात कालवला.

"अगं काय करतेस," मामा म्हणाला. "ते ताईचं आहे."

"तिच्यासाठीच केलंय," मी म्हणाले आणि घास घेतला.

तो शिवला असता की नाही, मला माहीत नाही. मी ते कळू दिलं नाही, स्वतःलाही नाही. मी जेवत राहिले. कावळा कठड्यावरून बघत होता आणि मामा उन्हात उभा राहून बघत होता. माझ्या मागे उभं राहून बघणाऱ्या माणसांची मला सवय होती. या वेळी मात्र मी घाई केली नाही.

मोबाइल वाजला. मामानं तो हातात घेतला आणि बराच वेळ नुसता वाजू दिला. मी खाली मान घालून भाकरी मोडत होते. मग त्यानं उचलला. "हो, मीच बोलतोय," तो म्हणाला. थांबला. "नाही म्हणतेय ती." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "नाही, माझं नाही. तिचंच म्हणणं आहे," तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

माझ्यापासून थोडा लांब, भिंतीला टेकून तो खाली बसला. माझ्याकडे बघत नव्हता. म्हातारा दिसत होता.

"वाढ मला," तो म्हणाला.

घरात एकच ताट होतं, ते त्याला वाढलं. मी पानावर, तो ताटात, असे आम्ही उन्हाच्या कडेला जेवायला बसलो. त्यानं घुटं भातावर घेतलं, कालवलं, पहिला घास हातात घेतला आणि तसाच थांबला. मला वाटलं, आता हा उठणार. पण त्यानं फक्त कठड्याकडे एकदा बघितलं आणि घास तोंडात घातला.

तो चावत असताना मी विचारलं, "मीठ बरोबर पडलंय का?"