कपाटातला टॉवेल

अण्णांच्या घरी देवघर स्वयंपाकघरात होतं आणि कपाट बाहेरच्या खोलीत. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही हा नियम मात्र कपाटाचा होता. देवाच्या बाबतीत अण्णा तेवढे कडक नव्हते. मच्छे गावच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी निपाणीहून आले आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. निपाणी म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग सिद्दू बोरगावकरला बघितली असशील की." हा कोण, असं मी विचारलं आणि खोली हातची जाणार असं मला वाटलं. पण अण्णांनी मला माफ केलं. "चपला काढ, हात धू आणि इकडं ये," म्हणाले.

काचेच्या दारांचं ते कपाट एका पैलवानाच्या वस्तूंनी भरलेलं होतं. सिद्दू बोरगावकर हा अण्णांच्या तरुणपणी या भागातल्या यात्रांची मैदानं गाजवणारा गडी. त्याला बांधलेले फेटे, त्याचा लंगोट, झिजलेल्या वहाणा, त्याचं नाव ठळक छापलेली मैदानांची हँडबिलं, तो थंडाई प्यायचा तो पितळी पेला. त्या काळी अण्णा कारखान्यात टर्नर होते, आणि कुठल्याही गावच्या मैदानाला त्यांनी रजा टाकली नाही असं झालं नाही. सिद्दू जिंकला की हे आखाड्यात उडी घेत आणि काहीतरी मागून आणत. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला हळूच म्हणाल्या, "त्याचा दात पडला असता तर त्योबी आणून ठेवला असता ह्यांनी." अण्णांनी ते ऐकलं आणि रागावले नाहीत. पडला नाही याचंच त्यांना वाईट वाटलं असावं.

सगळ्यांत वरच्या फळीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक पांढरा टॉवेल होता. त्यावर एका बाजूला तांबड्या मातीचा जाड डाग होता, तळहाताएवढा. हळद, ताक, तेल घालून मळलेली आखाड्याची माती घामात भिजून वाळली की सहज सुटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णा तो टॉवेल दोन्ही हातांवर घेऊन दाखवत. "हा सिद्दूचा डावा खांदा. कुस्ती मारली आणि मी पळत जाऊन पाठ पुसलो. तवापासनं पाणी लागू दिलं न्हाय." ही कुस्ती कुणाबरोबर झाली होती, असं मी विचारलं. "आमच्या मारुतीबरोबर," अण्णा सहज म्हणाले. मारुती म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण नव्हती झाली. त्यांच्या गावच्या यात्रेला सिद्दूला जोड मिळेना, म्हणून पंचमंडळींनी गावचाच मारुती उभा केला होता. आणि अण्णा त्या दिवशी भावाच्या समोरच्या बाजूला, सिद्दूच्या माणसांत उभे होते. भाऊ पडला, खांद्यातून हात निखळला, आणि अण्णा टॉवेल घेऊन सिद्दूकडे धावले. मी न राहवून विचारलं, भावाचं काही ठेवलं नाही का? "हरलेल्याचं कोण ठेवतंय?" अण्णा म्हणाले. हे त्यांचं पालुपद होतं. क्रिकेटचा सामना असो की ग्रामपंचायतीची निवडणूक, सगळीकडे ते हेच म्हणत. त्यात दुष्टपणा नव्हता. पाऊस वरून खाली पडतो, असं सांगावं तसं ते सांगत.

एरवी हा माणूस मऊ होता. माझं पहिलं आजारपण काकूंनी आणि त्यांनी काढलं. मी तापात असताना ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि सिद्दूच्या कुस्त्या सांगत. ताप त्यामुळे उतरला की चढला हे डॉक्टरांनाच ठाऊक. कारखान्यातून मी उशिरा आले तर रस्त्याच्या वळणावर उभे असत आणि मी दिसले की आपण सहज फिरायला आलोय असं दाखवत. त्यामुळे टॉवेलाची गोष्ट मला त्यांच्याशी जुळवता येत नसे.

मारुतीकाका गणपतीला येत. ते लोंढ्याला रेल्वेत गँगमन म्हणून लागले, तिथंच निवृत्त झाले आणि तिथंच राहिले. त्या कुस्तीनंतर ते पुन्हा आखाड्यात उतरले नव्हते. आले की नेहमी कपाटाकडे पाठ करून बसत. मी समजायचे, पंख्याचा वारा तिकडून चांगला येतो.

मग मच्छेत नवीन तालीम बांधली गेली. तालमीच्या मंडळींनी ठरवलं की अण्णांचं सगळं कपाट तिथं मांडायचं आणि उद्‌घाटनाला खुद्द सिद्दू बोरगावकरांना आणायचं. अण्णा महिनाभर हवेत होते. दर दिवाळीला ते सिद्दूंना घरी बोलावत आणि दर दिवाळीला सिद्दूंना काहीतरी काम निघे. या वेळी मात्र ते आदल्या दिवशी सकाळीच आले. गुडघे गेलेले, हातात काठी, पण मान अजून पैलवानाची. चपला काढून, हात धुऊन ते कपाटापुढे उभे राहिले. अण्णा एकेक वस्तू काढून दाखवू लागले. टॉवेल पुढे आला तेव्हा सिद्दूंनी तो हातात घेतला आणि खुर्चीवर बसले.

"अण्णा, तुम्ही एवढी वर्सं हे बघताय," ते म्हणाले. "जिंकलेल्याच्या खांद्याला एवढी माती कशी, हे कधी इचारात आलं न्हाय तुमच्या?"

अण्णा हसले. त्यांना वाटलं, पाहुणा चेष्टा करतोय. काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"मारुतीनं मला घिस्सा डावावर फिरवलंतं. हा खांदा रुतलाता. दुसरा टेकला की मी चीत, त्याला दोन बोटं ऱ्हायलीती. पंच पलीकडं. मी सोडून दिलोतो सगळं. तवा त्यो माझ्या कानात बोलला, सिद्दू, माझा अण्णा बघाया लागलाय, ऊठ. आणि पकड सैल सोडला."

सिद्दू मान खाली घालून पुढचं बोलले. उठल्यावर आपल्याला काही सुचलं नाही, अंगात होतं तेवढ्या जोरानं त्याला आदळलं, आणि तो हातावर पडला. पुढे कितीदा निरोप धाडला, पुन्हा एकदा खेळू म्हणून. मारुती आला नाही. "म्हणून तुमच्या घरी याचं धाडस हुईना," ते म्हणाले. "उद्या हे तालमीत लागलं असतं, पोरं पाया पडली असती. मला सोसलं नसतं."

मी आयुष्यात माणसं रडताना पाहिली आहेत, चक्कर येऊन पडताना पाहिली आहेत. अण्णांचं तसं काही झालं नाही. ते फक्त टॉवेलावरच्या त्या डागाकडे बघत राहिले, आणि मला त्यांच्या चेहऱ्याची भीती वाटली. रोज उठून ते ज्या डागाकडे अभिमानानं बघत होते, तो त्यांच्या भावाच्या जिंकण्याचा होता, आणि समोरच्या बाजूला उभं राहून ते जिंकणं त्यांनीच मोडलं होतं. सिद्दू कधी उठून गेले ते त्यांना कळलंही नाही. दुपारी तालमीची पोरं सामान न्यायला आली तेव्हा अण्णांनी कपाटाला कुलूप घातलं आणि काहीही न्यायचं नाही म्हणून सांगितलं. पोरं चिडून गेली.

दुसऱ्या दिवशी तिकडे तालमीचं उद्‌घाटन होतं आणि अण्णा लोंढ्याला निघाले होते. एकट्याला सोडायचं नाही म्हणून काकूंनी मला बरोबर घातलं. गाडीत ते टॉवेलाची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. खानापूर गेलं तरी पिशवीवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

मारुतीकाका परसात मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. आम्हाला बघून आधी हसले, मग अण्णांचा चेहरा बघून बादली खाली ठेवली. अण्णांनी उभ्या उभ्याच सांगितलं, सिद्दू आला होता. काकांनी ओले हात सदऱ्याला पुसले.

"त्यानं सांगाया नको होतं," ते म्हणाले.

"का केलास रं असं?"

"तू त्याचा फेटा उशाला घेऊन झोपायचास, ते मी रोज बघत होतो की. त्यो पडला असता तर घरात आल्यावर तू माझ्याकडं कसा बघितला असतास? मला ते नको होतं. मी जिंकून काय केलो असतो?"

इतकी वर्षं हा माणूस निखळलेला खांदा घेऊन रुळांवर राबला, गणपतीला आला, मोदक खाऊन गेला, आणि हे पोटात ठेवून राहिला.

अण्णा खाली पायरीवर बसले. म्हणाले, मारुती, तुझं कायतरी दे मला, न्यायला. लंगोट, फोटो, काय असंल ते. मारुतीकाका खरंच विचार करू लागले. घरात काही आहे का ते त्यांनी मनातल्या मनात शोधलं असावं. मग हसून म्हणाले, "काय बी न्हाय अण्णा. हरलेल्याचं कोण ठेवतंय?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. भावाचंच वाक्य, लहानपणापासून ऐकलेलं, ते सहज बोलून गेले. अण्णांनी तोंडावर हात घेतला. थोड्या वेळानं पिशवीतून टॉवेल काढला आणि पुढे धरला. "मग हा घे. ह्यो तुझाच हाय."

काकांनी प्लास्टिक सोडवलं. डागावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता ते कपाळाला लावतील. त्यांनी टॉवेल सरळ बादलीत बुडवला.

अण्णा ताडकन उठले. पण काका खाली बसून दगडावर तो घासायला लागले होते. तांबडं पाणी मिरचीच्या वाफ्यात वाहत गेलं, पुन्हा नवं पाणी, पुन्हा तांबडं, मग फिकट. मी तोंडाला पदर लावून उभी होते. त्या मातीला हात लावायला मला कधी परवानगी मिळाली नव्हती.

पिळायला घेतला तेव्हा काकांचा तो निखळलेल्या खांद्याचा हात वर जाईना. "धर की तिकडनं," ते म्हणाले. अण्णा तसेच उभे राहिले. काकांनी टॉवेलाचं टोक त्यांच्यापुढे धरूनच ठेवलं. शेवटी अण्णांनी ते पकडलं, आणि दोघांनी दोन बाजूंनी पिळला.

अण्णा मागच्या श्रावणात गेले. मारुतीकाका आले ते खांद्यावर तोच टॉवेल टाकून. त्याच टॉवेलानं त्यांनी भावाचा चेहरा पुसला.