वांग्याचं पथ्य

नागप्पाला माणूस कळतो, असं ताडकळसला सगळे म्हणत. मीही म्हणत असे. मी तिथल्या दवाखान्याची डॉक्टर, तो क्षयाच्या गोळ्या वाटणारा. साठेक पेशंट, दीड वर्षाचं औषध, आणि ते मधेच सोडणाऱ्यांच्या घरी जायला एकटा नागप्पा नि त्याची सायकल. कोण सोडणार हे आधी कळलं तर तेवढीच घरं गाठायची, म्हणून दर महिन्याला मी त्यालाच विचारायची. वरून आलेला फॉर्म वय, शिक्षण, अंतर विचारी. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. बी. ए. झालेला मास्तर तीन महिन्यांत पळाला होता.

नागप्पाची परीक्षा साधी होती. "पथ्य काय, असं ज्यानं इचारलं त्यो टिकतो, बाई. न इचारणाऱ्याच्या घरी मला जावं लागतंय."

या औषधाला पथ्य नाही. पण "काही नाही" म्हटलं की औषधावरचा भरवसाच उडतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो सांगायचा, वांगं नको, आंबट नको. मी चिडायची आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. बाहेर ओटीवर माणसं खोकत बसलेली असत. खरं सांगायचं तर त्याचा अंदाज बरोबर यायचा, आणि मला तेवढंच हवं होतं.

चौऱ्याऐंशी साली बायनाबाई आली. बावीस वर्षांची, जवळच्याच खेड्यात दिलेली. सासरी तिने साधा खोकला सांगितला होता. गोळ्या घेताना तिने आपणहून पथ्य विचारलं.

"ही पक्की," नागप्पा म्हणाला.

चार महिने आली. पाचव्या महिन्यात नाही. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे एसटी बंद होती, म्हणून आम्ही वाट पाहिली. एसटी सुरू झाली तरी नाही. पक्की म्हणून तिच्याकडे जायचं राहूनच गेलं. दोन महिन्यांनी नागप्पा तिच्या सासरी गेला आणि तोंड पाडून परत आला.

"घरात रोज वांगं, आन ही ताटात बाजूला सारायची. सासूला शक आला. कशाचं पथ्य म्हून घर धुंडाळलं, तर कणगीमागं गोळ्या. माहेरी धाडलं. पालमला हाय."

मी त्याला बोलायचं ते बोलले. मग त्याच्याबरोबर पालमला गेले.

बायनाबाई माहेरच्या छपरीत बसली होती. गालफडं वर आलेली. आईनं आम्हाला पाणी दिलं. बायनाबाईचा पेला वेगळा ठेवलेला होता.

नागप्पा म्हणाला, "पोरी, काईबी खात जा. पथ्य न्हाई."

"आता न्हाई, का आदीच नव्हतं?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याची सुटका केली नाही.

"आदीच नव्हतं."

"मंग कशापायी सांगितलं, काका?"

"तू टिकावीस म्हून."

"मी टिकायलेच होते की. हितून गोळ्या आणाया निघाले तवा बसायला एसटी नव्हती, मंग भाऊ येऊ देईना. तुमी का नाय आलात?"

मी तिला सांगितलं की औषध पुन्हा पहिल्यापासून, दीड वर्ष.

"ह्या महिन्याचं ठिवा," ती म्हणाली. "फुडचं फुडं."

पुढे तिने ते पुरं केलं. सासरचं कुणी न्यायला आलं नाही. पण त्या दिवशी एसटीत बसताना यातलं काही माहीत नव्हतं, आणि मी सवयीनं विचारलं, "टिकेल का रे ही?"

"मला इचारू नका, बाई. आता सगळ्यांच्याच घरी जायचं धरा."

"साठ घरं आहेत, नागप्पा."

"व्हय."

त्याने पुढच्या बाकाच्या दांडीवर कपाळ टेकलं. ताडकळस येईस्तोवर तो झोपला नव्हता, हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं.