एक तार की दोन

माझा उजवा हात मी आता बघतो. आधी कधी बघितला नव्हता. हात काय बघायची गोष्ट आहे? तो त्याचं काम करायचा आणि मी दुसरीकडे बघून गप्पा मारायचो.

माझं काम बीम पसारायचं. सुरतेत असंच म्हणतात. लूमवर नवा बीम, म्हणजे तारा गुंडाळलेला जड रूळ, चढवायच्या आधी त्याच्यावरच्या हजारो तारा एकेक करून बारीक डोळ्यांच्या चौकटीतून आणि मग फणीतून ओढून घ्याव्या लागतात. दोघं समोरासमोर बसतात, मध्ये ती चौकट. पुढचा माणूस डोळ्यातून आकडा घालतो, मागचा त्या आकड्यावर तार ठेवतो, पुढचा ओढून घेतो. आकडा परत येईतो मागच्याच्या चिमटीत दुसरी तार तयार पाहिजे. मी मागचा. मागच्याने एवढंच सांभाळायचं की तार एकच द्यायची. पॉलिस्टरची तार केसाहून बारीक, एकीला दुसरी चिकटते. दोन गेल्या की कापडात वरपासून खालपर्यंत रेघ उमटते, आणि ही रेघ कोणाच्या हातची ते साऱ्या कारखान्याला कळतं. डोळ्यांनी बघत बसलं तर बीम संपतच नाही. एक की दोन, ते बोटांच्या शेंड्यांनी ओळखायचं.

माझ्यापुढे बसायचे ते आमच्याच खान्देशातले, शेजारच्या गावचे. मी त्यांना आबा म्हणतो. मी सहावीत शाळा सोडून सुरतेला आल्यावर हे काम मला त्यांनीच शिकवलं. आमची जोडी बरीच वर्षं होती.

बमरोलीच्या आमच्या कारखान्यात एका सकाळी ट्रॉलीवरून बीम निसटला आणि त्याची लोखंडी चकती माझ्या हातावर आली. त्यातलं जास्त मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. अंगठ्याजवळच्या दोन बोटांची हाडं जोडली, आतली तुटलेली नस शिवली. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली. मी तेवढंच ऐकलं आणि गावाला फोन लावला. आई रडली, मग म्हणाली, "हात हालाडू नको रे भाऊ. पडी ऱ्हाऊ दे."

मी आईचं ऐकलं. पट्टी सुटल्यावरही हात उशीवर ठेवून बसायचो, पाहुणा बसवावा तसा. माझ्यासोबत खोलीवर राहणारी पोरं मला पाणीसुद्धा हातात आणून द्यायची. पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि मला मागच्या इमारतीत पाठवलं.

तिथे एक लांब खोली होती. एका बाजूला लोक भिंतीवर बोटांनी चढल्यासारखे हात वर सरकवत होते, कोणी दोन दांड्यांच्या मधून पाऊल टाकायला शिकत होतं. दुसऱ्या बाजूला टेबलं होती, आणि टेबलांवर काय, तर कपड्यांचे चिमटे, बटणं, तांदळाचा टब, मातीचे गोळे. मला वाटलं, मला बालवाडीत पाठवलं. आधी एक सर गरम मेणात हात बुडवून बोटं वाकवायचे. मी ओरडायचो, ते मान हलवून म्हणायचे, "ओरड, पण हात मागे घेऊ नको." बोटं थोडी वळायला लागली तसं मला टेबलावर बसवलं. तिथे एक गुजराती बेन होत्या. त्यांचं काम म्हणजे सुटलेली रोजची कामं माणसाला परत करता यावीत, हे बघायचं. त्यांनी पहिल्या दिवशी दुखतं का हे विचारलंच नाही. विचारलं, "शुं काम करो छो?"

मी डाव्या हाताने दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं. मग कागदाची यू-पिन उलगडून तिची दोन टोकं शेजारी-शेजारी आणली, मला डोळे मिटायला लावले आणि माझ्या बोटाच्या शेंड्याला कधी एक टोक, कधी दोन्ही लावून विचारलं, "एक के बे?"

बे म्हणजे दोन, हे मला पाढ्यांपासून माहीत. पण बोटाला एकही कळेना. बोट होतं, वळत होतं, आणि मुकं होतं. त्याच आठवड्यात खोलीवर पोळी उलटताना जळका वास आला आणि मी तव्यात बघितलं. पोळी चांगली होती. जळत होतं माझं बोट. मला ते नाकाने कळलं. बेननी फोड बघितली तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. या हाताला आता डोळे द्यायचे, म्हणाल्या, आधी बघायचं, मग धरायचं.

मग रोज तेच. तांदळात हात घालून बटण शोधायचं, लोकर आणि तागाचा तुकडा ओळखायचा, आणि शेवटी पिन. एक के बे? माझे जवाब हळूहळू बरोबर यायला लागले. बेन म्हणायच्या, "सरस." मला छातीत गार वाटायचं. शाळेत मला कोणी सरस म्हटलेलं आठवत नाही.

शेजारच्या टेबलावर चलथाणकडून ऊसतोडीवरची एक बाई यायची, आमच्या नंदुरबारकडची. तिचं मनगट मोडलेलं. ती मातीच्या गोळ्याच्या भाकरी थापायची. मला म्हणायची, "दादा, माझी भाकर गोल झाली बघ. तुझी तार कुठवर आली?" मी म्हणायचो, येतेय, वाटेत आहे.

एक दिवस डोळे मिटलेले होते. एक के बे? एक. एक के बे? एक. एक के बे? मी म्हणालो, "बे."

भाकरी थापायचा आवाज थांबला. बेन म्हणाल्या, "आंख खोलो."

पिन टेबलावर पडलेली होती. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांनी मला शिवलंच नव्हतं.

खरं सांगतो, मी फसवत नव्हतो. मलाही ते तेव्हाच कळलं. आयुष्यभर समोरच्याच्या लयीवर बसलेलो. आकडा कधी येणार हे आबांच्या श्वासावरून ओळखायचो. तसंच बेनचं झालं होतं. दोनदा एक, मग दोन, मध्ये जरा थांबून पुन्हा एक. बोट मुकंच होतं, जवाब मी त्यांच्या चालीवरून देत होतो. आणि इतके दिवस मला वाटत होतं बोट सुधारतंय.

आता या मला काढून टाकतील, गावाला जा म्हणतील, असं वाटलं. मी उठून उभाच राहिलो, शाळेत गुरुजी मारायला आल्यासारखा. "सॉरी बेन, सॉरी."

"बेसो, भाई." त्या अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलायच्या. "यहाँ पास-नापास नथी. नहीं समझा तो वैसा बोलो. 'खबर नथी' ए पण जवाब छे."

माहीत नाही, हाही जवाब असतो, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. शाळेत त्याला छडी होती आणि कामावर शिवी.

मग आम्ही पुन्हा मुळापासून सुरू केलं. त्या आता चाल बदलायच्या. मी खबर नथी, खबर नथी म्हणत राहायचो. घरी जाताना बसमध्ये बसून रडू यायचं, कारण रोज कळत होतं किती कमी आलंय. कारखान्यात आबांबरोबर तोवर ओडिशाचा एक जण बसत होता. चांगलं काम करायचा, असं सगळेच मला सांगायचे.

पुढे कधीतरी बेननी ओळखलं की माझ्या करंगळीशेजारच्या बोटाला सगळं कळतं, त्याला कधी लागलंच नव्हतं. म्हणाल्या, चिमूट बदल. अंगठा आणि ते बोट. आणि तुमच्या साथीदाराला घेऊन या, इथे करून दाखवा.

कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी आबा आले. धुतलेला सदरा, खिशात आकडा, पिशवीत तारांचा झुबका आणि जुन्या चौकटीचा तुकडा. बेननी तो दोन खुर्च्यांना बांधला. आम्ही समोरासमोर बसलो. खोलीतले सगळे बघायला लागले. माझी नवी चिमूट लंगडी. तार सुटायची, पुन्हा धरायचो. आबा आकडा धरून थांबलेले.

"काय रे, तार देस का पुजा करस?"

भाकरीवाली बाई हसली. "त्याला तांदूळ लागतात आबा, अक्षता टाकल्याशिवाय देत नाही."

मीही हसलो. मग मान खाली घालून पुन्हा तार धरली. जाताना त्यांनी बेनना हात जोडले. जिन्यात मला म्हणाले, "सोमवारले ये. एक बीम बघू. नही जमनं त मीच सांगसू, दुसऱ्याना तोंडतून ऐकू नको."

सोमवारी मी मागे जाऊन बसलो. ओडिशावाला त्या दिवशी दुसऱ्या चौकटीवर होता. मी हळू होतो. आबांचा आकडा येऊन उभा राहायचा. त्यांनी लय धरली नाही, मुद्दाम कधी लवकर घातला, कधी उशिरा. कोणी शिकवलं त्यांना, मला माहीत नाही.

दुपारी एक तार चिमटीत आली आणि मला कळेना. जुन्या बोटाला काही नाही, नव्याला काहीतरी जाड. आकडा आला. आधी मी ती तशीच ठेवून दिली असती.

"आबा, थांबा. समजत नाही."

आकडा थांबला. शेजारच्या जोडीने मान वर करून बघितलं. मागचा माणूस कधी थांबत नाही.

"इचार तिले," आबा म्हणाले. "घाई कोनले शे?"

मी डोळे मिटले. अंगठा आणि त्या बोटात ती तार हळूहळू फिरवली, एकदा, पुन्हा एकदा. मध्ये कुठेतरी एक बारीक खाच लागली.

"दोन आहेत," मी म्हणालो.

नखाने त्या वेगळ्या केल्या आणि एक आकड्यावर ठेवली. आबांनी ओढून घेतली. आकडा परत आला तेव्हा दुसरी तयार होती.