बॅटरीवाल्या काकांनी पाहिलेली थोरली

आमच्या भागातले लोक तिकीट काढण्याआधी पोस्टर बघत नाहीत, काकांचं तोंड बघतात. काका थिएटरात डोअरकीपर. एकतीस वर्षं हातात तीच लांबुडकी बॅटरी, म्हणून बॅटरीवाले काका. कादंबरीवरून काढलेला सिनेमा लागला की त्यांच्याभोवती रांगेपेक्षा मोठा घोळका.

"काका, पुस्तक चांगलं की पिक्चर?"

"कादंबरीतला बाप चाळीस पानं खोकतो," काका सांगायचे. "इथं एकदा खोकला की समजा, गेला. तुम्हाला घाई असेल तर तिकीट काढा."

नाहीतर म्हणायचे, "पुस्तकात माणसं विचार करतात. पडद्यावर खिडकीबाहेर बघतात. खिडकी चांगली आहे, जा."

मॅनेजरला हे आवडायचं नाही. पण काकांनी नावं ठेवली की लोक हटकून बघायला जात, त्यामुळे तो गप्प बसायचा.

हेच काका आमच्या वाचनालयाचे सभासद. वाचनालय म्हणजे दवाखान्याच्या वरची एक लांब खोली, नऊ कपाटं आणि पंख्याखाली बसण्यावरून होणारी भांडणं. ती खोली आम्ही मोर्चा काढून, भांडून मिळवलेली आहे, हे मी प्रत्येकाला सांगते, न विचारणाऱ्यालाही. नवीन पुस्तकं कुठली घ्यायची ते पाच जणांची निवड समिती ठरवते, मीही त्या पाचांत. यंदा त्यातली एक जागा रिकामी झाली आणि काकांनी मला जिन्यात गाठलं.

"ताई, मला त्या समितीत बसायचंय."

"बसा की. अर्ज द्या."

"एकतीस वर्षं दुसऱ्यांना बसवतोय," ते म्हणाले. "एकदा मला बसायचंय. आणि कुठलं पुस्तक आत घ्यायचं ते मी सांगणार."

एवढं कळवळून त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. मी तिथल्या तिथे शब्द दिला. मोठ्या बाईंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि समितीच्या प्रमुख. वाचनालयात शिंकायचं झालं तरी लोक आधी त्यांच्याकडे बघतात.

"ते गृहस्थ फक्त सिनेमा निघालेल्याच कादंबऱ्या नेतात," बाई म्हणाल्या. "नोंदवही बघा. सिनेमा नाही, तर वाचन नाही. अशा माणसाच्या हाती निवड द्यायची?"

माझं डोकं फिरलं. "डोअरकीपर आहे म्हणून नको, असं सरळ म्हणा ना."

"तुम्ही आवाज चढवलात म्हणून माझं म्हणणं बदलत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांची ही सवय मला अजिबात सहन होत नाही.

आमच्याकडे रीत अशी, की समितीत येऊ पाहणाऱ्यानं सभासदांपुढे एका पुस्तकावर बोलायचं, मग हात वर करून मत. काकांनी निवडली ती सगळ्यांच्या हातात फिरून कोपरे मऊ पडलेली कादंबरी. एक घड्याळजी मरतो, त्याच्या मुलींची गोष्ट. दोघी धाकट्या घरी. तिसरी, थोरली, घर सोडून गेलेली. सहाव्या प्रकरणात परत येते आणि अठराव्यात पुन्हा निघून जाते. त्या कादंबरीवरचा सिनेमा काकांच्याच थिएटरात चौथ्या आठवड्यात होता. मोठ्या बाईंसकट अर्ध्या सभासदांनी तो पाहिलेला.

रविवारी सकाळी खोली भरली. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिल्या रांगेत काकू, म्हणजे त्यांची बायको, पर्स मांडीवर घट्ट धरून.

काका सुरेख बोलले. पुस्तकातला घड्याळजी, त्याचं दुकान, पडद्यावर ते दुकान कसं नको तितकं लखलखीत केलंय, सगळं. मी मोठ्या बाईंकडे बघून हसलेही. आणि मग काका म्हणाले:

"पण एका जागी सिनेमानं कादंबरीवर मात केली. थोरलीला बापाचं पत्र सापडतं. बहिणींना दाखवायचं नाही, फाडायचं धाडस नाही. ती ते बापाच्या कोटाच्या खिशात ठेवते आणि कोट बादलीत बुडवते. पुस्तकात तीन पानं आहेत. पण त्या नटीनं बादलीपाशी जे काम केलंय… एक शब्द नाही. नुसते हात. साबणाच्या फेसातून शाई वर येते आणि ती कोट घासतच राहते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं. मग सगळी रांग.

मोठ्या बाई उठल्या. "काका, सिनेमात थोरली मुलगी नाही."

"नाही कशी?"

"काढून टाकलीय. दोघीच बहिणी आहेत. बादली नाही, कोट नाही, ती नटीही नाही. आपण पाहिलंत काय नेमकं?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पर्सची चेन उघडली आणि लावली.

"मी मधलं बघत नाही," काका म्हणाले.

मग एकेक करून बाहेर आलं. सिनेमा सुरू झाला की पहिली पंधरा मिनिटं काका आत, उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवायला. मग दार लावायचं आणि बाहेर जिन्यातल्या स्टुलावर बसायचं. मध्यंतरानंतर दहा मिनिटं आत, पुन्हा बाहेर. शेवटची दहा मिनिटं दार उघडायला आत. एकतीस वर्षांत एकही सिनेमा त्यांनी सलग पाहिला नव्हता. स्टुलावर बसून ते त्याच गोष्टीची कादंबरी वाचायचे आणि मधली जागा भरून काढायचे. ज्या सिनेमाला पुस्तक नाही त्याबद्दल मत देत नसत, कारण त्याचं मधलं त्यांना कळायला मार्गच नव्हता. माणूस खोटं बोलत नव्हता. ती बादली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, फक्त पडद्यावर नाही.

"घरीसुद्धा दाराशीच उभे असतात," काकू पुटपुटल्या, आणि खोली पुन्हा हसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शब्द माझा होता. मी उठणार, काहीतरी तोडून बोलणार, तेवढ्यात काका चिडले. आपली फजिती झाली म्हणून नव्हे.

"थोरलीला कुणी काढलं?" त्यांनी मोठ्या बाईंनाच दरडावून विचारलं. "मग पत्राचं काय?"

"पत्रही नाही. बाप मरताना सगळं सांगून टाकतो."

"दोघींना?"

"दोघींना."

"मग शेवटी त्या दोघी दुकानाच्या शटरपाशी रडतात कशाला? शेवट मी रोज चार वेळा बघतो. एकमेकींना विचारतात, बाबांना काय सांगायचं होतं गं? त्यांना माहीत आहे ना सगळं?"

चार आठवडे लोक त्या शेवटाला रुमाल ओले करून बाहेर पडत होते. समोरच्या एका बाईंनी तर दोनदा पाहिलेला. त्या आता चष्मा पुसत बसल्या.

मोठ्या बाई अजून उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "मीही रडले होते. घरी जाईपर्यंत काहीतरी खटकत होतं. वाटलं, वय झालं."

"वय नाही. थोरली काढलीय," काका म्हणाले.

"बसा, काका," बाई म्हणाल्या, आणि मतासाठी पहिला हात त्यांनीच वर केला. मग बाकीचे वर गेले. मी दोन्ही हात वर केले, तेव्हा बाईंनी एकच मोजला.

नंतरच्या दुसऱ्या बुधवारी काका समितीच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. समोर सभासदांनी सुचवलेल्या पुस्तकांची यादी. सगळ्यात वर माझं, लढ्यावरची एक जाडजूड कादंबरी. ती कपाटात यावी म्हणून मी दोन वर्षं पाठपुरावा करत होते. काकांनी माझी प्रत आठवडाभर घरी नेऊन वाचली होती, मधलंसुद्धा.

"ताई, माणसं चांगली आहेत," ते म्हणाले. "पण जो तो दुसऱ्याला थांबवून भाषण करतो. दीडशे पानांत एक जण जेवला असेल तर शपथ."

"लढ्यात जेवायला वेळ नसतो."

"आपण या खोलीसाठीच्या मोर्च्यात डबे सोडले होते, तेव्हा भाषण कोण ऐकत होतं?"

मी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्या खाली बघून यादीतल्या पहिल्या नावावर काट मारत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.