पळीवहिनींची उसनी जीभ

कारखान्याच्या कँटीनमधल्या आचारणीला सगळे पळीवहिनी म्हणत. लांब दांड्याची पळी त्यांच्या हातात नसली तर कमरेला खोचलेली असे, आणि पातेल्यात बुडाली की वर येताना थेट वहिनींच्या तोंडाशीच थांबे. रस्सा तळहातावर घ्यायचा, फुर्रकन ओढायचा, डोळे मिटायचे. मग चिमूटभर मीठ, किंवा नुसतं "हां". त्या "हां"वर अख्खी पाळी जेवून उठायची.

वहिनींचा देहही पातेल्यांना शोभेलसा. भाताचं मोठं पातेलं आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून एका वेळी जात नसत, आधी कुणी जायचं ते ठरवावं लागे. हा विनोद त्यांचा स्वतःचा. दुसऱ्या कुणी केला तर त्याच्या ताटात तळाचा करपलेला भात पडे.

मान काळवंडायला लागली तेव्हा वहिनींनी तो दोष भट्टीच्या धगीवर ढकलला. भांडी घासायच्या चोथ्यानं मान घासून काढली. मान सोलवटली, काळेपणा जागच्या जागी. शेवटी नवऱ्यानं, तो बस चालवायचा, त्यांना दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या पाहिल्या. "शुगर अजून झालेली नाही. पण दाराशी येऊन उभी आहे. तुमचं शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालंय, म्हणून ते आणखी आणखी तयार होतंय. मानेचा काळेपणा त्याचाच. वजन उतरायलाही तेच आडवं येतंय."

वहिनींना आई आठवली. आईची नजर साखरेच्या दुखण्यानंच गेली होती. शेवटी शेवटी ती लेकीच्या तोंडावरून बोटं फिरवायची आणि म्हणायची, "गालांना बाळसं आलंय गं." लेक हसायची, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायची.

"माझे डोळे राहतील ना, बाई?"

"आत्ता मनावर घेतलंत तर ही पाहुणी दारातूनच परत जाऊ शकते."

पथ्य काही भयंकर नव्हतं. गोड बंद. भात-पाव मूठभर. ताटातली भाजी आधी, मग डाळ किंवा अंडी, भात सगळ्यांत शेवटी. जेवल्यावर थोडं चालायचं. आणि दोन जेवणांच्या मध्ये पाण्याशिवाय काही नाही. "पोटाला सुट्टी द्या," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"मध्ये कुठलं खाणं!" वहिनी म्हणाल्या. "मला बसायला फुरसत नसते."

हे त्या अगदी मनापासून बोलल्या होत्या.

नवऱ्यानंही सोबतीला पथ्य धरलं. त्याचं पोट हां हां म्हणता उतरलं, पँट पट्ट्यावर लोंबू लागली. वहिनींचा काटा मात्र हटून बसला. त्यांनी काटा मोरीतून खोलीत आणला, खोलीतून ओट्याजवळ नेला. आकडा तोच.

"माझ्या नशिबातच आहे आईची काठी," एकदा त्या म्हणाल्या. नवऱ्यानं काटा उचलून कपाटाखाली सारला.

पुढच्याच आठवड्यात वहिनी चष्मा घरी विसरल्या. नवरा तो द्यायला कँटीनच्या मागच्या दाराशी आला. कामात दिसल्या म्हणून हाक न मारता थांबला. रस्सा उकळत होता, पळी वर आली, तोंडाशी गेली. डाळ उतरली, पळी तोंडाशी गेली. शिऱ्याचा पाक झाला, पुन्हा तेच. मग रश्शात मीठ पडलं म्हणून परत एकदा. मग भाताची चार शितं, शिजला का ते बघायला.

तो हसतच सुटला. "अगं ए! माझ्यासमोर एक जेवण झालं की तुझं!"

"अहो, काहीतरीच काय? ती चव आहे."

"पोटात जातं ना?"

"चव म्हणजे खाणं नव्हे!" वहिनींनी पळी उगारली. आणि उगारलेल्या पळीतल्या पाकाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.

विचारायला गेल्या तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चव घ्या आणि थुंकून टाका. वहिनींच्या अंगावर काटा आला. माणसांच्या पुढ्यात वाढायचं अन्न आपण थुंकायचं? त्यापेक्षा अंदाजानं करीन म्हणाल्या. अंदाजानं केलं आणि त्या दिवशी रश्शात मीठ दोनदा पडलं.

"वहिनी, समुद्र आटवून आणला काय?" एक वेल्डर जेवणघरातून ओरडला. "पाणी पिऊन पिऊन मशीनवर पोहायला लागू आम्ही!"

आयुष्यात पहिल्यांदा वहिनींनी पळी ओट्यावर ठेवून दिली.

कोपऱ्यात भाजी चिरणाऱ्या मावशी होत्या. काटकुळ्या, तुटक बोलणाऱ्या. वर्षानुवर्षं दोघींचं जमलं नव्हतं, कारण मावशी वासावरूनच पुटपुटायच्या, "मीठ कमी आहे," आणि बहुतेक वेळा ते असायचंही. म्हणून तर वहिनींना त्या जास्तच खुपायच्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी पळी घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. जड अंगापेक्षा ती पळी जड झाली होती.

"मावशी, जरा बघता का?"

"मी?"

"मला मनाई आहे. डोळ्यांचा प्रश्न आहे माझ्या."

मावशींनी विळी आडवी केली. "थांब. आधी चूळ भरून येते." आल्या, तळहात पुढे केला. वहिनींनी सवयीनं पळी ओतली, तसा त्यांनी हात झटकला. "एवढं? चव बघतेय की आंघोळ करतेय? थेंबभर दे." थेंब जिभेवर ठेवला, वर छताकडे बघत राहिल्या. "मीठ आहे, पण अजून मुरलं नाही. झाकण ठेव."

वहिनींनी झाकण ठेवलं. रस्सा पंगतीला गेला आणि कुणी काही बोललं नाही. जेवणघरात एवढी शाबासकी पुष्कळ असते.

तेव्हापासून हाताला वहिनी आणि जिभेला मावशी. भांडणं झालीच. "तुमच्या जिभेला तिखट कळतच नाही!" "तुझ्या हाताला थांबणं कळत नाही!" पण पळी रोज त्या कोपऱ्याकडे जायचीच.

आणि एक दिवस दुपारी, सगळी वाढणं झाल्यावर, वहिनींच्या पोटात कावळे ओरडायला लागले. त्यांना आधी कळेचना काय होतंय. भूक! ताट घेऊन बसल्या, आधी भाजी, मग डाळ, मग मूठभर भातावर स्वतःच्या हातचा रस्सा. त्या भाताच्या पहिल्याच घासाला त्यांनी मावशींकडे पाहिलं.

"हा मी केलाय?"

"मग काय मी? मी चिरते फक्त."

"मावशी, इतकी वर्षं मी हे भरल्या पोटी चाखत होते हो." वहिनींचे डोळे भरून आले. "मला ठाऊकच नव्हतं मी बरं करते ते."

काटा हळूहळू हलला. मानेचा रंगही निवळू लागला. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाहुणी दारातून हलून फाटकापर्यंत गेलीय, पण फाटक लावून ठेवा, पथ्य सोडू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही नजर स्वच्छ असल्याचं सांगितलं.

वहिनी दवाखान्यातून थेट कँटीनमध्ये आल्या. मावशी खाली मान घालून कांदा चिरत होत्या.

"डोळे चांगले आहेत माझे."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. विळीवरचा हात थांबला. "म्हणजे आता चव तूच बघणार."

वहिनींनी भट्टीवरचं पातेलं उघडलं, पळी बुडवली आणि कोपऱ्याशी गेल्या. "मला जेवायला अजून अवकाश आहे. हात करा पुढे."

मावशींनी कांद्याचे हात पुसले. "आधी चूळ भरू दे," म्हणाल्या, आणि मोरीकडे वळता वळता पदरानं डोळे टिपले. कांद्यानं, म्हणाल्या.